शहापुरातलं बॅटरी पॅक बांधून देणारं दुकान: वारीभर वापरून लिहितोय

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या आमच्या भजनी मंडळाचा माईक-ॲम्प्लिफायर माझ्याकडे असतो. दिंडीत तो हातगाडीवर चालतो, १२ व्होल्टवर. गेल्या वर्षी दुसऱ्या एका ठिकाणी तयार लिथियम पॅक घेतला. चार्जर हिरवा दिवा दाखवायचा, पण हरिपाठाला बसलो की अर्ध्या तासात आवाज गप्प. वीणेकरी वळून बघायचे आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

यंदा तोच पॅक घेऊन शहापूरच्या या छोट्या दुकानात गेलो. मिस्त्रींनी माझ्यासमोर वरचं प्लास्टिक कापलं. आत जुन्या लॅपटॉपचे बारा सेल. चार-चार पॅरललमध्ये, आणि असे तीन गट सिरीजमध्ये. मल्टीमीटर लावला. पहिला गट ३.७१ व्होल्ट, दुसरा ३.६९, तिसरा ३.०५.

"काका, दोन गट ठणठणीत हाईत. ह्यो एकच मेलाय, आणि बाकीच्यांची वाट अडवालाय."

मला ते लगेच दिंडीसारखं दिसलं. एका रांगेत शेजारी-शेजारी चालणारे ओझं वाटून घेतात, ते पॅरलल. तिथे एएच (अँपिअर-अवर, म्हणजे किती वीज साठते तो आकडा) वाढतात. रांगेमागे रांग, ते सिरीज. तिथे व्होल्ट वाढतात. पण मधली एक रांग थांबली की मागची-पुढची सगळी दिंडी थांबते. तिसरा गट खाली गेला की आतला बीएमएस, म्हणजे सेलवर नजर ठेवणारं सर्किट, अख्खा पॅक बंद करायचा, आणि चार्जिंगला तोच गट आधी भरला की चार्जिंगही तोडायचा. हिरव्या दिव्याचा अर्थ तेव्हा कळला.

नवा पॅक लिथियम आयर्न फॉस्फेटचा घ्या म्हणाले. त्याचा एक सेल ३.२ व्होल्टचा, चार सिरीजमध्ये घेतले की १२.८, म्हणजे ॲम्प्लिफायरला बरोबर जुळतं. ६ एएचचे सेल तीन-तीन पॅरलल, म्हणून १८ एएच. एकूण बारा सेल.

या दुकानाला मी पैकीच्या पैकी देतो ते पुढच्या कामासाठी. नव्या सेलवरही त्यांचा विश्वास नाही. प्रत्येक सेल भरून, रिकामा करून, निघालेला आकडा मार्करने त्याच्या अंगावर लिहिला होता: ६.०२, ५.९१, ५.८६... एकावर ५.४ आलं, तो बाजूला ठेवला. मग प्रत्येक गटातल्या तिघांची बेरीज सारखी यावी असे सेल लावले. माझ्या पहिल्या गटाची १७.७९ होती, मी स्वतः मांडून बघितली. त्यानंतर सगळे बारा सेल पॅरलल जोडून रात्रभर ३.६५ व्होल्टवर भरत ठेवले, म्हणजे सुरुवात सगळ्यांची एका पातळीवरून. बीएमएस गटांतला फरक मिटवतो खरा, पण अगदी थोड्या करंटने. मोठा फरक त्याच्यावर सोडून चालत नाही.

जोडणी निकेल पट्टीने, स्पॉट वेल्डिंग करून. सेलला थेट सोल्डरिंगचा डाग देत नाहीत, कारण तेवढ्या वेळात उष्णता आत शिरते आणि सेलचं नुकसान होतं. पॉझिटिव्ह टोकावर जाड कागदाची चकती बसवतात. पट्टी घासून कडेला टेकली तर तिथेच शॉर्ट, म्हणून.

दोन गोष्टी खटकल्या. फ्यूज आधी घातला नव्हता. मी विचारल्यावर १० अँपिअरचा बसवला, वेगळे पैसे घेतले नाहीत, पण असल्या पॅकला तो न विचारता असायला पाहिजे. आणि चार दिवस सांगून आठ दिवस लावले. हे सगळं मोजमाप बघितल्यावर त्याचा राग राहिला नाही, पण तारीख खरी सांगावी. चार्जरसकट ५,२०० रुपये झाले. हमी एक वर्षाची, पावतीमागे पेनाने लिहून.

आषाढी वारीत काकड्यापासून हरिपाठापर्यंत, मधले विसावे सोडून, रोज सहा तास तरी माईक चालला. एकदाही बंद पडला नाही. मिरजेच्या पुढच्या मुक्कामाला मीटर लावला तर १३.०२ व्होल्ट. त्यावर भुलू नका असं मिस्त्रींनी आधीच बजावलं होतं. या सेलचा व्होल्टेज बराच वेळ जागचा हलत नाही आणि शेवटी एकदम कोसळतो. म्हणून मी रोज रात्री मुक्कामी चार्जिंगला लावत होतो, त्यांनीच दिलेल्या १४.६ व्होल्टच्या चार्जरवर. ॲसिड बॅटरीचा जुना चार्जर त्यांनी लावू दिला नाही.

दुपारी दीड ते चार दुकान बंद असतं. वारीसाठी पॅक हवा असेल तर निदान पंधरा दिवस आधी जा. आयत्या वेळी गेलात तर घाईत बांधून देत नाहीत, सरळ नाही म्हणतात.