वेबसाईट ‘शिफ्ट’ करून देतो म्हणाला आणि आमचा संग्रहच घालवून बसला

निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यात सध्या एक माणूस वाचनालयं, शाळा आणि पतसंस्थांचे उंबरे झिजवतोय. बोलायला गोड, मराठी आणि कन्नड दोन्ही अस्खलित, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. “तुमची साईट महागड्या सिस्टीमवर हाय. दरमहा डॉलरमधी पैसे जातात. मी दुसऱ्या सिस्टीमवर टाकून देतो, एकदाच खर्च.” एवढंच त्याचं म्हणणं असतं, आणि ते खोटंही वाटत नाही. आमच्या वाचनालयाला त्याने असंच गाठलं. पोलिसांत तक्रार दिलेली असल्यामुळे त्याचं नाव इथे लिहीत नाही. पण त्याने काय आणि कसं केलं ते सगळं लिहितो, कारण नुसती साईट उघडून बघणाऱ्याला त्यातलं काहीच कळत नाही.

गेलं काय हे आधी सांगायला हवं. आमचं वाचनालय निपाणीजवळच्या एका गावातलं. १९८१ च्या तंबाखू आंदोलनात शरद जोशींबरोबर हजारो शेतकरी इथे महामार्गावर ठिय्या मारून बसले होते आणि ६ एप्रिलला गोळीबार झाला. त्या दिवसांत रस्त्यावर असलेल्या माणसांकडचे फोटो आम्ही घरोघरी फिरून गोळा केले होते. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या आणि घरी विड्या वळणाऱ्या बायकांच्या मुलाखती आवाजासकट साठवल्या होत्या. त्यातल्या काही आज हयात नाहीत. ऑगस्ट २०१९ मध्ये वेदगंगेचं पाणी घरात शिरलं तेव्हा बऱ्याच जणांकडचे मूळ फोटो भिजून गेले. राहिली ती स्कॅन केलेली प्रत, आणि ती साईटवर होती. त्यामुळे आमच्यासाठी साईट म्हणजे जाहिरातीची पाटी नव्हती, संग्रहच तो होता.

ही साईट आमच्या गावातल्या, आता पुण्याला असलेल्या एका मुलाने प्रेमाने करून दिली होती. मजकूर ‘कंटेंटफुल’ या हेडलेस सिस्टीममध्ये होता. हेडलेस म्हणजे मजकूर, फोटो, आवाज एका जागी साठवायचे, आणि लोकांना दिसणारी पानं दुसरीकडे तयार करून एपीआयमार्फत, म्हणजे दोन सिस्टीमना जोडणाऱ्या वाटेने, तिथून माल आणायचा. मराठी, कन्नड, इंग्रजी अशा तिन्ही भाषा एकाच नोंदीत राहत, हे आम्हाला फार सोयीचं होतं. सिस्टीमबद्दल तक्रार काहीच नाही. अडचण पैसे भरण्याची होती. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेने कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांचे नियम कडक केले, तेव्हापासून परदेशी वर्गणी भरताना कार्ड सारखं अडायचं. पुण्याच्या मुलाला नोकरीतून वेळ होत नव्हता. कार्यकारिणीने बदल करायचं ठरवलं, आणि नेमका त्याच सुमारास हा माणूस दारात आला.

त्याने सुचवलं ‘स्ट्रॅपी’. सुचवणं चुकीचं नव्हतं. स्ट्रॅपी मुक्तस्रोत आहे, आपल्या सर्व्हरवर चालवता येतं, अनेक चांगल्या साईट त्यावर आहेत. दर त्याने नोंदीवर लावला. आमच्याकडे चारशेच्या आसपास नोंदी होत्या, बिलात बाराशेच्या वर निघाल्या. विचारलं तर म्हणाला, “भाषा तीन हायत की सर. प्रत्येक भाषेची नोंद वेगळी धरावी लागते.” स्ट्रॅपीमध्ये प्रत्येक भाषेची आवृत्ती खरोखरच वेगळी साठते, म्हणून हेही पटण्यासारखं होतं. पुढे कळलं की त्याने नेली फक्त मराठी. कन्नड आणि इंग्रजीच्या पानांवरही मराठी मजकूरच दिसत होता. पैसे तिन्ही भाषांचे घेतले होते.

काम सुरू करताना त्याने कंटेंटफुलच्या आमच्या खात्यात ‘ओनर’ हक्क मागितला. डेटा बाहेर काढायला त्याशिवाय जमत नाही, असं त्याचं ठाम सांगणं. हे धादांत खोटं होतं. मॅनेजमेंट टोकन, म्हणजे डेटा काढू देणारी किल्ली, मिळाली की एक्स्पोर्ट होतं, आणि टोकन कधीही रद्द करता येतं. ओनर हक्क हवा होता तो पुढच्या गोष्टीसाठी.

काही आठवड्यांनी साईट ‘लाईव्ह’ झाली. नवा रंग, मोठी अक्षरं, फोटो झकास दिसताहेत. कार्यकारिणी खूश. उरलेले पैसे दिले गेले. त्यावर तो म्हणाला, “आता जुनं कशाला ठेवताय? फुकट भाडं. मी बंद करून टाकतो.” आम्ही बैठकीत विचारून सांगतो म्हणालो. त्याने थांबायची तसदी घेतली नाही. ओनर तोच असल्यामुळे आमची नावं खात्यातून काढली आणि जुनी स्पेस, म्हणजे आमचा सगळा माल असलेला कप्पा, स्वतःच पुसून टाकली. कंटेंटफुलची स्पेस एकदा पुसली की परत आणता येत नाही.

दुसऱ्या दिवसापासून गोंधळ सुरू झाला. मला फोटो दिसत होते, माझ्या पुतण्याला दिसत नव्हते. ग्रंथपालबाईंना काही दिसत, काही नाही. त्याला फोन लावला तर, “ओ सर, फोटो हायत की. तुमच्या गावात नेट स्लो असणार.” खरं कारण असं होतं की आम्ही ज्यांनी पानं आधी पाहिली होती, त्यांच्या ब्राउझरने फोटोंची प्रत साठवून ठेवली होती आणि तीच दिसत होती. नव्याने येणाऱ्याला फक्त राखाडी चौकट. पुण्याच्या मुलाने फोनवरून सांगितलं, “काका, चौकटीवर राइट क्लिक करा आणि फोटोचा पत्ता कॉपी करून मला पाठवा.” पत्ता निघाला ‘इमेजेस डॉट सीटीएफअॅसेट्स डॉट नेट’ने सुरू होणारा. म्हणजे कंटेंटफुलचाच.

सगळी फसवणूक त्या एका ओळीत होती. फोटो त्याने हलवलेच नव्हते. स्ट्रॅपीमध्ये फोटोसाठी मीडियाचा वेगळा रकाना असतो. तो वापरायचं सोडून त्याने साधा मजकुराचा रकाना केला आणि त्यात जुन्या फोटोंचे पत्ते चिकटवले. नवी टाकी बांधली, पण पाईप जुन्याच विहिरीला जोडलेला, आणि मग विहीर बुजवली. स्ट्रॅपीची मीडिया लायब्ररी उघडली तर आत वाचनालयाचं बोधचिन्ह आणि पहिल्या पानावरचे दोन-तीन फोटो. आवाजाची एकही फाईल नाही.

तुमच्या साईटचं असं स्थलांतर झालं असेल तर आजच एवढं करा. जुनं खातं चालू असतानाच नव्या सिस्टीमची मीडिया लायब्ररी उघडा आणि जुन्यातल्या फाईलींची संख्या नव्यातल्या संख्येशी ताडून बघा. पाच-सहा जुन्या पानांवरच्या फोटोंचे पत्ते बघा. जुन्या सिस्टीमचं नाव कुठेही दिसलं तर काम अर्धवट आहे, समोरचा काहीही सांगो. आणि एक्स्पोर्टची फाईल हातात मिळाली म्हणून निश्चिंत होऊ नका. कंटेंटफुलचं साधं एक्स्पोर्ट केलं तर जेसन या साध्या डेटा-फाईलमध्ये मजकूर येतो, फोटोंचे मात्र नुसते पत्ते येतात. फाईली उतरवून घ्यायच्या तर ‘डाउनलोड अॅसेट्स’ हा पर्याय वेगळा द्यावा लागतो. तो दिलेला होता का, आणि उतरलेलं फोल्डर किती जीबीचं आहे, हे विचारा.

आम्ही बॅकअप मागितला. त्याने लगेच पाठवला, तक्रारीला जागाच नको. फाईलच्या नावाच्या शेवटी ‘ईएनसी’. स्ट्रॅपीचं एक्स्पोर्ट मुळातच कुलूपबंद होतं, आणि ते करताना जी किल्ली दिली असेल ती असल्याशिवाय फाईल उघडत नाही. किल्ली मागितली तर ‘डेटा रिकव्हरी चार्जेस’चं वेगळं कोटेशन आलं, पासष्ट हजारांचं. त्यात एक वाक्य होतं: जुन्या सर्व प्रतिमा व ध्वनिफिती उपलब्ध करून देण्यात येतील. म्हणजे आमचे फोटो त्याच्याकडे सुखरूप होते. स्पेस पुसण्याआधी त्याने ते स्वतःसाठी उतरवून घेतले होते आणि आता आमचेच आम्हाला विकायला काढले होते. ते वाक्य वाचून आमच्या अध्यक्षांना बोलायला शब्द सुचेना. वखारीत काम केलेल्या त्यांच्या आईची मुलाखत त्यात होती.

आम्ही पैसे दिले नाहीत. मग बिलं बारकाईने पाहायला घेतली. ‘स्ट्रॅपी वार्षिक परवाना’ म्हणून छत्तीस हजार लावलेले. स्ट्रॅपीच्या सशुल्क योजना आहेत हे खरं, पण आमच्या सेटिंग्जच्या पानावर स्वच्छ ‘कम्युनिटी एडिशन’ लिहिलेलं होतं. ती एमआयटी या मोफत वापराच्या परवान्याखाली असते, स्वतःच्या सर्व्हरवर चालवायला परवाना फी लागत नाही. सर्व्हरचं भाडं लागतं, आणि सर्व्हर त्याच्याच नावावर होता. स्ट्रॅपीतही आम्हाला त्याने ‘एडिटर’ करून ठेवलेलं, ‘सुपर अॅडमिन’ तो एकटा. एडिटरला मजकूर दुरुस्त करता येतो, घराच्या चाव्या मिळत नाहीत.

आणि जीएसटी. हे सीमाभागातल्या प्रत्येक संस्थेने नीट वाचावं. बिलावर पत्ता निपाणीचा, म्हणजे कर्नाटकातला. कर्नाटकात नोंदलेल्याचा जीएसटी नंबर २९ ने सुरू होतो. याचा २७ ने सुरू होत होता, तो महाराष्ट्राचा. आपल्याकडे कोगनोळी ओलांडलं की महाराष्ट्र, लोकांचे व्यवहार दोन्हीकडे असतात, त्यामुळे नजर तिथे अडत नाही. पण महाराष्ट्रात नोंदलेल्याने कर्नाटकातल्या संस्थेला सेवा दिली तर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा कर, लागायला हवा. याने सीजीएसटी नऊ टक्के आणि एसजीएसटी नऊ टक्के असा राज्यांतर्गत कर लावला होता. जीएसटीच्या पोर्टलवर तो पंधरा अक्षरांचा नंबर टाकला तर भलत्याच धंद्यातल्या कुणा व्यापाऱ्याचं नाव निघालं. ही तपासणी फुकट आहे आणि मिनिटभरात होते. पहिलं बिल हातात पडताच करा.

एक गोष्ट वाचली ती आमच्या खजिनदारांमुळे. पोस्टातून निवृत्त झालेले, कागदाला पक्के. “डोमेनचा ऑथ कोड द्या, रिन्यूअलचं मी बघतो,” असं तो त्यांना दोनदा म्हणाला. डोमेन म्हणजे साईटचं नाव, आणि ऑथ कोड म्हणजे ते नाव दुसरीकडे हलवायचा परवलीचा शब्द. त्यांनी दोन्ही वेळा सांगितलं, “डोमेन संस्थेच्या नावावर आहे, ते संस्थेकडेच राहणार.” तेवढ्यामुळे आम्ही त्याच्या सर्व्हरकडे जाणारी वाट बंद करून साईट नव्या जागी वळवू शकलो. ऑथ कोड गेला असता तर नावही त्याच्याच ताब्यात गेलं असतं.

आणखी एक नुकसान बऱ्याच उशिरा लक्षात आलं. आमच्या पानांचे पत्ते देवनागरीत होते. स्ट्रॅपीच्या पत्त्यासाठीच्या ‘यूआयडी’ रकान्यात रोमन अक्षरं, आकडे आणि थोडीच चिन्हं चालतात. त्यामुळे सगळे पत्ते बदलले. बदलायला हरकत नव्हती, पण जुन्या पत्त्यावरून नव्यावर नेणारं ३०१ रिडायरेक्ट लावायला हवं होतं. गूगल ते किमान वर्षभर ठेवायला सांगतं. याने एकही लावलं नाही. गूगलमध्ये तंबाखू आंदोलन शोधून आमच्याकडे येणारा विद्यार्थी ‘पान सापडत नाही’वर आदळत होता.

सध्या हाताशी काय आहे तर पुण्याच्या मुलाच्या ईमेलमध्ये एक जुनं एक्स्पोर्ट सापडलं, त्यात तिन्ही भाषांतला मजकूर शाबूत आहे. काही पानं इंटरनेट अर्काईव्हच्या वेबॅक मशीनवर मिळाली, त्यांच्यासोबत थोडे फोटोही, लहान आकाराचे. ध्वनिफिती तिथे नाहीत. ज्यांनी मुलाखतीच्या वेळी आपल्या आई-आजीचा आवाज व्हॉट्सअॅपवर मागून घेतला होता, त्यांच्याकडून एकेक गोळा करतोय.

तक्रार १९३० या सायबर हेल्पलाईनवर आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर नोंदवली, नंतर बेळगावच्या सीईएन (सायबर, आर्थिक व अमली पदार्थांचे गुन्हे) पोलीस ठाण्यात लेखी दिली. तक्रार कन्नडमध्ये लिहून दिली ती आमच्याच गावच्या एका कन्नड शाळेतल्या सरांनी, रात्री उशिरापर्यंत बसून. माणूस पलीकडच्या जिल्ह्यात राहतो म्हणून तक्रार कुठे द्यायची असा प्रश्न काही संस्थांना पडलाय. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं ३१८, आणि मालकाच्या परवानगीशिवाय डेटा पुसल्याबद्दल माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ४३ आणि ६६ ही कलमं आमच्या वकिलांनी अर्जात घातली.

आमच्याआधी दोन शाळांना आणि एका पतसंस्थेला त्याने असंच लुबाडल्याचं आता कानावर आलंय. नाव बाहेर येईल म्हणून ते गप्प आहेत. त्यांना माझी कळकळीची विनंती, तुमची तक्रार तुम्ही वेगळी द्या. जाताना कोटेशन, बिलं, बँकेची नोंद, व्हॉट्सअॅपचं पूर्ण संभाषण एक्स्पोर्ट करून, आणि जुन्या खात्यातून तुमचं नाव काढल्याचे जे ईमेल आले असतील ते छापून न्या. आमचे ते ईमेल स्पॅममध्ये पडलेले सापडले. तारीख आणि वेळ त्यावरच आहे.