खो-खोच्या पंचाला ‘कूलिंग टॉवेल’ : घ्या, पण डबीवरचं वाचून नको

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. पीव्हीए नावाच्या स्पंजासारख्या कापडाचा जो ‘कूलिंग टॉवेल’ ऑनलाइन साडेतीनशेच्या आसपास मिळतो, तो मराठवाड्याच्या उन्हात पंचगिरी करणाऱ्यानं घ्यावा. माझ्या डबीवर ‘चार तास गारवा’ असं छापलं होतं, तिकडं मात्र लक्ष देऊ नये. धाराशिवच्या एप्रिलात, अकरानंतर, त्यात वारं सुटलेलं असेल तर अर्ध्या-पाऊण तासात तो कडेनं वाळायला लागतो. पण परत भिजवला की परत गार. माझ्या कामाला एवढं पुरतं.

मी शाळेत क्रीडाशिक्षिका आणि खो-खोची पंच. आमच्या जिल्ह्यात खो-खोचं वेड काय आहे ते वेगळं सांगायला नको. २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळालेल्या सारिका काळे इथल्याच. त्यामुळं उन्हाळ्याची सुट्टी आम्हाला नावालाच. निवड चाचण्या, शिबिरं, गावोगावच्या यात्रेतले सामने. मोठ्या स्पर्धा हल्ली संध्याकाळी प्रकाशझोतात घेतात, ते शहाणपणाचं आहे. पण तालुक्याच्या मैदानावर दिवे कुठले? सकाळी सातला सुरू करायचं ठरतं, उद्घाटनाचे पाहुणे साडेनऊला उगवतात, नारळ फुटतो, भाषणं होतात, आणि फायनलची नाणेफेक होते ती बरोबर डोक्यावर ऊन आल्यावर.

खो-खोत पळणारे तिघा-तिघांच्या तुकडीनं आत येतात, बाद झाले की मंडपात जाऊन बसतात. पाठलागवाल्यांतले आठ जण बसलेले असतात. पंचाला मात्र बसणंही नाही आणि बदलीही नाही. मधल्या पट्टीच्या दोन बाजूंना आम्ही दोघं, ९ मिनिटांची पूर्ण पाळी या खांबापासून त्या खांबापर्यंत खेळाबरोबर पळत असतो. अशा ४ पाळ्यांचा एक सामना, आणि पंच कमी पडले की लागोपाठ पुढचा. तोंड कोरडं पडलं की काय होतं ते बाहेरच्याला कळत नाही: शिट्टी फुसकी वाजते. ओठ चिकटतात, हवा बाजूनं निसटते, आणि मागून प्रशिक्षक ओरडतो, “मॅडम, फाऊल दिसला नाही का?” दिसला होता हो, वाजला नाही.

आता टॉवेल गार कसा राहतो? माठासारखाच. पाणी वाळताना उष्णता ओढून घेतं. हवा कोरडी असेल तेवढं भराभर वाळतं, तेवढा गारवा जास्त. आपल्याकडं मार्च ते मे हवा कोरडी ठणठणीत असते, म्हणून इथं कूलर चालतो आणि म्हणूनच हा टॉवेलही चालतो. आणखी एक आहे. आपली कातडी साधारण ३५ अंशांची असते. हवा त्यापेक्षा तापली की वारा अंगातली उष्णता नेत नाही, उलट आणून टाकतो. चाळीसच्या वर पंख्याखाली बसूनही लाहीलाही होते ती त्यामुळं. तेव्हा शरीराकडं घाम वाळवणं एवढा एकच उपाय उरतो, आणि ओला टॉवेल त्याला हातभार लावतो.

कोकणात एकदा ड्युटी लागली तेव्हा हाच टॉवेल नेला होता. काही उपयोग नाही. दमट हवेत तो वाळतच नाही, गळ्यात कोमट फडकं घेऊन फिरल्यासारखं. आपल्याकडंही पावसाळ्यात आणि ढगाळ उकाड्यात त्याचा जोर निम्म्यावर येतो. विकणारे हे कुठं लिहीत नाहीत.

आमच्या शाळेतल्या शिपाईमामांनी पहिल्या दिवशी तो हातात घेऊन उलटापालटा करून बघितला. “मॅडम, ह्याला साडेतीनशे? सत्तर रुपयात पंचा येतोय की. भिजवायचा आन् टाकायचा खांद्यावर. आन् खिशात कांदा ठेवा, ऊन लागत न्हाई.” कांद्याचं मी हसण्यावारी नेलं; तो खिशात ठेवून काही होत नाही, भाकरीबरोबर खावा. पंच्याचं मात्र त्यांचं खरं आहे. सुती पंचा ओला करून मानेवर टाकला तर गारवा जवळपास तेवढाच मिळतो. सोलापुरी टर्किश टॉवेलही करून पाहिला. तो पाणी खूप धरतो, पण इतका जड होतो की पळताना मान अवघडते.

मग साडेतीनशे कशाला घालायचे? मला दोन कारणं पटली.

पहिलं पुरुष पंचांच्या लक्षातही येणार नाही. आमचा गणवेश पांढरा. पंचा कितीही पिळला तरी ठिबकतो, आणि पांढरा टी-शर्ट ओला झाला की चारशे माणसांसमोर बाईनं कसं पळायचं? पीव्हीएचा टॉवेल घट्ट पिळला की थेंब पडत नाही, नुसता ओलसर राहतो. मानेला लागलेला भाग दमट होतो, कापडावर ओघळ येत नाही. डबीवर या गुणाबद्दल अवाक्षर नाही, आणि माझ्यासाठी सगळ्यात मोठा गुण हाच.

दुसरं कारण पाणी. एक ग्लासभर पाण्यात तो पूर्ण भिजतो. पंच्याला तांब्या-दीड तांब्या लागतो आणि त्यातलं निम्मं पिळून जमिनीत. तुम्ही म्हणाल, एवढा काय हिशोब? ज्या भागानं २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलेलं पाहिलंय, तिथं हिशोब होतोच. टँकरच्या गावात सामने असले की बायका घागरी घेऊन उभ्या असतात, आणि त्यांच्यासमोर पंचमंडळी अंगावर पाणी ओततायत हे बरं दिसत नाही.

आता दोष. वाळला की हा टॉवेल पापडासारखा कडक होतो. तसाच दुमडला तर घडीवर चिरतो, माझा पहिला असाच गेला. आधी भिजवायचा, मऊ झाला की मग हात लावायचा. ओला डबीत कोंबून ठेवला तर दोन दिवसांत असा वास मारतो की विचारू नका, नंतर काळे ठिपकेही येतात. घरी आल्यावर साध्या साबणानं धुऊन सावलीत टांगायचा. याच नावानं जाळीदार पॉलिस्टरचे टॉवेलही मिळतात, दीडशे-दोनशेला. ते कडक होत नाहीत, सांभाळायला सोपे, पण पाणी कमी धरतात आणि एका पाळीतच सुकतात. प्रेक्षकात बसणाऱ्याला ठीक.

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात ठेवा. मान गार झाली की बरं वाटतं, डोकं हलकं होतं, पण शरीराच्या आतलं तापमान तेवढ्यानं काही खास उतरत नाही. बरं वाटतंय म्हणून माणूस सावलीत जायचं टाळतो आणि पाणी प्यायचं विसरतो. टॉवेल गळ्यात आहे म्हणजे ऊन लागणार नाही, असं समजणं धोक्याचं. एखादा पंच बरळायला लागला, तोल जायला लागला, साधा गुण विचारला तर गोंधळला, तर सामना थांबवून त्याला सावलीत न्यायचं, अंगावर पाणी मारून वारा घालायचा आणि १०८ ला फोन लावायचा. तेव्हा पाण्याचा हिशोब करायचा नाही.

पाण्यावरून आठवलं. बाई पंच कमी पाणी पितात, आणि त्याचं कारण तहान नसणं हे नव्हे. मैदानावर स्वच्छतागृह नसतं, असलं तर कुलूप असतं, आणि किल्ली ज्यांच्याकडं ते पाहुण्यांच्या सत्कारात असतात. एका तालुक्याच्या ठिकाणी आम्ही तिघी जणी सकाळपासून घोट-घोट पाण्यावर होतो. दुपारी तिघींचंही डोकं ठणकत होतं. आयोजक चहाचे कप घेऊन मागं लागलेले, “मॅडम, घ्या ना, घ्या.” आता ड्युटीचा फोन आला की मानधनाच्या आधी मी हाच प्रश्न विचारते. समोरचा जरा अडखळतो, पण व्यवस्था होते. या अडचणीवर बाजारात कुठला टॉवेल मिळत नाही.

पिण्यासाठी मी औषधाच्या दुकानातली ओआरएसची पुडी वापरते, १ लिटरची. अख्खी पुडी अख्ख्या लिटरात. ग्लासात अर्धी पुडी, बाटलीत चिमूटभर असले प्रकार नकोत, प्रमाण बिघडतं. आयोजक बऱ्याचदा गोड पेयाचे खोके आणून ठेवतात, नावातच ओआरएस असलेले. २०२५च्या ऑक्टोबरात अन्नसुरक्षा प्राधिकरणानं असल्या पेयांना ते नाव लावायला मनाई केली, हे फार बरं झालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. कोलासारख्या शीतपेयात साखर त्याच्या सात-आठपट. पुडी नसेल तर मीठ-साखरेचं लिंबू सरबत नाहीतर खारं ताक. रक्तदाबवाल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारून.

बाटली दुहेरी भिंतीची स्टीलची घ्या, कुठलीही. त्याच पाण्यात टॉवेलही भिजवता येतो.

टॉवेल घेताना लांबी बघा. अडीच फुटांच्या आतला मानेभोवती फिरवून पुढं खोचता येत नाही, पळताना खाली पडतो आणि नेमका पळणाऱ्याच्या पायात येतो. मी टोकं शर्टाच्या कॉलरमध्ये अडकवते. नीट वापरला तर एक उन्हाळा सहज निघतो, दुसऱ्या उन्हाळ्यात भरवसा नाही. आणि रंग गडद घ्या. दुकानातल्या फोटोत छान दिसतो म्हणून फिकट निळा घेतला, तर मैदानाची माती पहिल्याच दिवशी बसते आणि साबणानंही निघत नाही.