एसएमएस, रेकॉर्डिंगचा कॉल की घरचं व्हॉट्सॲप?

माझा मावसभाऊ यंदा ग्रामपंचायतीला उभं राहायचं म्हणतोय. परवा त्याचा फोन आला, "बल्क (एकगठ्ठा) एसएमएस घेऊ, का रेकॉर्डिंगचे कॉल, का व्हॉट्सॲपवरच भागवू?" त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितोय. माझा अनुभव एकाच निवडणुकीचा, तोही 'क' वर्ग नगरपरिषदेतल्या एका प्रभागाचा, हे आधीच कबूल करतो. डिसेंबर २०२५ ला वहिनी अपक्ष उभ्या होत्या आणि "तुला मोबाइलमधलं कळतं" एवढ्या पात्रतेवर हे खातं माझ्या गळ्यात पडलं.

अपक्षाचं वेळेचं गणित वेगळं असतं. चिन्हवाटप २६ नोव्हेंबरला, मतदान २ डिसेंबरला, प्रचार १ तारखेच्या रात्री १० पर्यंत. म्हणजे कपबशी हे चिन्ह मिळाल्यापासून ते लोकांच्या डोक्यात बसवायला जेमतेम सहा दिवस. पक्षाच्या उमेदवाराचं चिन्ह लोकांना आधीच पाठ असतं, त्यामुळे त्यानं माझं म्हणणं थोडं बाजूला ठेवून वाचावं.

आधी एसएमएस, कारण एजंट पहिल्यांदा तोच गळ्यात मारतो. एसएमएसचा मजकूर आधी नमुना म्हणून मंजूर करून घ्यावा लागतो, आणि चिन्हच २६ तारखेला मिळणार असेल तर मंजुरीला आधी पाठवणार काय? आमचा नमुना एकदा परत आला, दुसऱ्यांदा पास झाला, तोवर सहातले दोन दिवस गेले होते. दुसरी गंमत मराठीची. देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० अक्षरं मावतात, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडल्याची खूण हे सगळं वेगळं मोजलं जातं. 'क्रमांक' हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, मोजणीत सात भरतो. "प्रभाग क्रमांक" लिहितानाच मला घाम फुटला. ७० च्या पुढे गेलात की तो दोन एसएमएसच्या भावात पडतो. शेवटी वहिनींचं नाव, कपबशी आणि 'मतदान २ डिसेंबर' एवढंच उरलं. नमस्कारसुद्धा कापला.

आणि हे जातं कोणत्या नावानं? एजन्सीच्या सहा अक्षरी परक्या नावानं, मागे जाहिरातीचा 'पी' जोडलेला. ज्यांनी डीएनडी (जाहिराती नकोत अशी नोंद) लावलंय त्यांच्यापर्यंत ते पोचत नाही. पण एसएमएसला अगदीच नावं ठेवत नाही. बटणांचा फोन वापरणारी म्हातारी माणसं आमच्याकडे बरीच आहेत आणि त्यांच्या खिशात फक्त एसएमएसच शिरतो. ते तो वाचतात का, हा भाग निराळा. आमच्या आप्पांच्या फोनमध्ये न वाचलेले एसएमएस चार आकडी होते.

मतदार यादीत मोबाइल नंबर नसतात, हे लोक विसरतात. मग एजंट जो 'डेटा' विकतो तो येतो कुठून, हे विचारायच्या भानगडीत मी पडलो नाही. एवढंच सांगतो, त्याच्या यादीत माझाच नंबर होता. शेजारच्या प्रभागात, एका बाईंच्या नावापुढे.

आता रेकॉर्डिंगचा कॉल. खरं सांगायचं तर माझा कल सुरुवातीला याच्याकडेच होता. वहिनींचा शिवणक्लास आहे, पंधरा-सोळा वर्षं झाली. प्रभागातल्या निम्म्या बायका त्यांच्या हाताखालून गेल्यात, आवाज ऐकला की ओळखतात. कॉलचं बिल ३० सेकंदांच्या हिशोबानं होतं, म्हणून २८ सेकंदांचं बोलणं बसवलं. खोलीत आवाज घुमत होता, तर वहिनी डोक्यावरून गोधडी घेऊन बोलल्या. सातव्या वेळी नीट जमलं. ऐकायला इतकं छान झालं होतं की दादा म्हणाला, निवडून आलीस बघ.

कॉल संध्याकाळी सुटले. किती उचलले, किती पूर्ण ऐकले, याचा तक्ता एजंटानं दिला. दिसायला तो उत्तम होता. दुसऱ्या दिवशी आम्ही वरच्या आळीत दारोदार फिरत होतो. एका आजींनी वहिनींना उंबऱ्यातच थांबवलं.

"काल फोन केलास ना गं?"

"हो आजी, मिळाला ना?"

"मिळाला म्हणजे? मी तीनदा विचारलं, माझं नाव कुठल्या शाळेत आलंय. तू आपली कपबशी, कपबशी! आणि ठेवलास फोन."

रेकॉर्डिंग म्हणजे काय हे वहिनींनी समजावून सांगितलं. आजींनी ऐकून घेतलं, पण चेहरा काही सुटला नाही. त्यांच्या लेखी वहिनींनी फोन केला होता आणि त्यांचं ऐकून न घेता तोंडावर ठेवला होता. त्या दिवशी अशी आणखी तीन घरं भेटली. एका काकांनी तर कॉलवर गटाराचं गाऱ्हाणं पूर्ण सांगितलं होतं आणि आता त्याचं काय झालं, असं ते विचारत होते. तक्त्यात हे सगळे कॉल 'पूर्ण ऐकला' या रकान्यात होते.

माझ्यापुरता निकाल तिथंच लागला. परका आवाज असता तर लोकांनी कंपनीचा फोन म्हणून सोडून दिलं असतं. आवाज ओळखीचा होता हीच पंचाईत झाली.

शिवाय लोकांना आमच्याकडून चिन्ह नकोच होतं, त्यांना हवी होती माहिती. विधानसभेची १ जुलै २०२५ ची यादी प्रभागवार फोडून नगरपरिषदेला वापरली होती. नोव्हेंबर २०२४ ला ज्या शाळेत, ज्या खोलीत मत दिलं ते आता उपयोगाचं नव्हतं, यादीतला अनुक्रमांकही बदललेला. काहींच्या नावापुढे दुबारच्या दोन चांदण्या. ती नावं दुसरीकडेही सापडलेली, मग मत कुठं देणार ते लिहून द्यायचं. लोक गोंधळलेले होते, आणि आम्ही त्यांच्या कानात एकतर्फी भोंगा सोडत होतो.

राहिलं व्हॉट्सॲप. इथं आधी एक वाट बंद करतो. "एका क्लिकवर हजार जणांना व्हॉट्सॲप" म्हणणारे एजंट भेटतील. व्हॉट्सॲपच्या अधिकृत बिझनेस प्लॅटफॉर्मवर राजकीय पक्षांना आणि उमेदवारांना कंपनीच्याच धोरणानं मज्जाव आहे, तेव्हा हे गृहस्थ आडवाटेनं पाठवणार हे उघड आहे. असा नंबर कधीही बंद पडतो आणि त्यावर आलेली उत्तरंही त्याच्याबरोबर जातात. ब्रॉडकास्ट लिस्टचा (एकच मेसेज एकदम अनेकांना पाठवायची सोय) लोक फार बाऊ करतात, पण २५६ ची मर्यादा सोडा, समोरच्यानं तुमचा नंबर सेव्ह केलेला नसेल तर मेसेज पोचतच नाही. ग्रुपबद्दल फार लिहीत नाही. केला, दोनशे जण आले, पहिल्या सकाळी सत्तावीस गुड मॉर्निंग आणि त्यात विरोधी उमेदवाराच्या भाच्याचंही एक. बंद केला.

आम्ही केलं ते असं. वहिनींचाच नेहमीचा नंबर. क्लासच्या बायका, भिशी, गणपती मंडळ, दादाचं गिऱ्हाईक असं करत अकराशेच्या आसपास नंबर गोळा झाले, म्हणजे साधारण घरटी एक. प्रत्येक नंबर सेव्ह करताना नावाआधी यादीभाग आणि अनुक्रमांक: '३-४१२ वरची आळी, शिंप्यांची सून'. हे कंटाळवाणं काम मी आणि पुतण्यानं चिन्हवाटपाच्या आधीच दोन रात्रींत उरकलं. मग एकेका घराला त्या घरातल्या सगळ्यांची नावं, अनुक्रमांक, शाळा आणि खोली, खाली वहिनींचं नाव आणि कपबशी. अंगठा दुखतो, खोटं सांगत नाही. दिवसाला दोनशेच्या वर जमलं नाही.

पण उत्तरं यायला लागली. "आमच्या मामंजींचं नाव नाही दिसत." "दोन चांदण्या आहेत, काय करू?" एकीनं फक्त शाळेच्या फाटकाचा फोटो पाठवला, "हेच ना?" पुण्याला कामाला असलेली पोरं विचारत होती, मंगळवारी पहाटेची गाडी धरली तर सकाळी मत टाकून दुपारी परत निघता येईल का. त्यांच्यापर्यंत आम्ही दुसऱ्या कशानंही पोचलो नसतो. १ तारखेला रात्री १० नंतर प्रचाराचं अक्षर पाठवलं नाही, फक्त नाव कुठं आहे विचारणाऱ्यांना ते शोधून दिलं.

याचा अर्थ एसएमएस आणि कॉल सगळ्यांनी फेकून द्यावेत असा नाही. महापालिकेच्या चार सदस्यांच्या प्रभागात हजारोंनी मतदार असतात, विधानसभेला तर लाखांनी. तिथं अंगठ्यानं किती दळणार? तिथं एसएमएस ठीक. कॉलही ठीक, फक्त आवाज उमेदवाराचा नको, सरळ माहिती सांगणारा कुणाचातरी असू दे. पण दोन-चार हजारांच्या प्रभागात किंवा ग्रामपंचायतीच्या वॉर्डात मी कॉलचे पैसे आता खर्च करणार नाही. आमच्या वर्गाच्या नगरपरिषदेत सदस्याची खर्चमर्यादा अडीच लाख होती. एजंटाच्या बिलात गेले तेवढे पैसे केंद्राबाहेर टेबल टाकून बसणाऱ्या पोरांच्या चहा-नाश्त्याला घातले असते तर बरं झालं असतं, असं दादा अजून ऐकवतो.

मावसभावाला एक धोका मात्र नीट सांगितला. मतमोजणी ३ तारखेची होती, ती २१ डिसेंबरवर गेली. त्या मधल्या दिवसांतही वहिनींच्या फोनवर मेसेज थांबले नाहीत. निकाल लागला, वहिनी ४३ मतांनी पडल्या, तरी थांबले नाहीत. एसएमएसची एजन्सी निवडणूक झाली की संपते. हा नंबर क्लासच्या पाटीवरच रंगवलेला आहे, तो बंद कसा करणार? आज सकाळी ३-४१२ चा मेसेज होता: "वहिनी, पाणी आज किती वाजता?" वहिनींनी पाणी सोडणाऱ्या पोराला फोन लावला, आणि मग उत्तर टाकलं: "सव्वासातला."