पालावान की बोहोल? फिलिपिन्सची सहल ठरवणाऱ्यांसाठी

जून २०२५ पासून भारतीय पर्यटकांना फिलिपिन्समध्ये १४ दिवस व्हिसाशिवाय राहता येतं. तेव्हापासून आपल्याकडच्या बऱ्याच घरांत एक प्रश्न निघायला लागला आहे: मनिलाला उतरल्यावर पुढे कुठे जायचं? सात हजारांवर बेटं असलेल्या देशात पर्याय भरपूर. पण डोंगर, पाणी, प्राणी बघायची आवड असलेल्यांची चर्चा बहुतेक वेळा दोन नावांवर येऊन अडते: पालावान आणि बोहोल. दोन्ही स्वतंत्र बेटप्रांत, दोन्हीकडे चुनखडीचा दगड, प्रवाळ आणि माडांच्या रांगा. फोटोंत फरक कळत नाही. प्रत्यक्षात मात्र दोन्ही सहलींचा स्वभाव इतका वेगळा आहे, की निवड चुकली तर निम्मी सुटी गाडीत आणि धक्क्यावर जाते.

माझं मत आधीच सांगते. हातात आठवडाभर असेल, पाण्याची भीती नसेल आणि हलत्या होडीत चढउतार जमत असेल, तर पालावान. चार-पाचच दिवस असतील, किंवा बरोबर आईवडील आणि लहान मुलं असतील, तर बेधडक बोहोल. आठ दिवसांत दोन्ही कोंबायचा मोह होतो, तो टाळा.

आधी नकाशा

पालावान हा क्षेत्रफळाने देशातला सर्वांत मोठा प्रांत. मुख्य बेट काकडीसारखं लांबट, सुमारे ४५० किलोमीटरचं, आणि भोवती शेकडो लहान बेटं. "पालावानला जायचंय" असं आपण म्हणतो, तेव्हा खरं तर तीन वेगळ्या ठिकाणांबद्दल बोलत असतो. मध्यावर पुएर्तो प्रिन्सेसा हे शहर, उत्तर टोकाला एल निडो, आणि त्याच्याही पुढे समुद्रापार कोरोन. पुएर्तो प्रिन्सेसाहून एल निडोला व्हॅनने पाच ते सहा तास लागतात. एल निडोहून कोरोनला जलद बोटीने साधारण चार तास, तेही समुद्र शांत असेल तर. टूर कंपन्यांच्या "पालावान, तीन रात्री" या पॅकेजमध्ये यातलं एकच ठिकाण असतं. ते कोणतं, हे पैसे भरायच्या आधी विचारून घ्या.

बोहोल गोलसर आणि आटोपशीर, सुमारे ४,८०० चौरस किलोमीटरचं. विमानतळ २०१८ मध्ये पांगलाओ या लगतच्या बेटावर हलवला, आणि पांगलाओ पुलांनी मुख्य बेटाला जोडलेलं आहे. विमानतळापासून किनाऱ्यावरचं हॉटेल अगदी जवळ, आणि तिथून बेटाच्या पोटातल्या टेकड्यांपर्यंत गाडीने दोन तासांच्या आसपास. म्हणजे एकाच खोलीत बॅग उघडायची आणि निघायच्या दिवशीच बंद करायची. ज्येष्ठ माणसं बरोबर असली की ही सोय किती मोठी, हे वेगळं सांगायला नको. सेबू शहरातूनही दोन तासांत फेरीबोट येते.

पालावानचं पाणी

एल निडोच्या समोरचा बाकुइत उपसागर बघितल्यावर पालावानचा एवढा बोलबाला का, हे कळतं. काळ्या-करड्या चुनखडीचे कडे थेट पाण्यातून उभे राहिलेले, वर मुळं रोवून बसलेली झाडं, आणि कड्यांच्या आत दडलेली लगून. तिथल्या नावेला बांका म्हणतात. तिच्या दोन्ही बाजूंना बांबूचे आधार बांधलेले असतात, आपल्या कोकणातल्या उलांडीच्या होडीची ही थोरली बहीण. बिग लगूनच्या तोंडाशी बांका थांबते. पुढे मोटरबोट नेऊ देत नाहीत, भाड्याच्या कयाकमध्ये बसून स्वतः वल्हवत जायचं. सुरुवातीला पाणी एवढं उथळ असतं की खालची वाळू स्पष्ट दिसते. मग रंग एकाएकी गडद होतो आणि दोन्ही बाजूंचे कडे उंच होत जातात. कयाक नीट चालवता येत नसेल तरी काळजी नको, बरेच नावाडी पैसे घेऊन वल्हवून देतात.

या सहली अ, ब, क, ड अशा ठरलेल्या मार्गांनीच निघतात. एकच दिवस असेल तर लगूनचा "अ" मार्ग घ्या. "क" मार्गावरच्या वाळूच्या पुळणी आणि प्रवाळ माझ्या मते अधिक सुंदर आहेत, पण तो मार्ग उघड्या समुद्रातून जातो आणि वारा असेल तर हाल होतात. काही ठिकाणी बोटीतून उतरून छातीएवढ्या पाण्यातून चालावं लागतं, खडकातल्या अरुंद भोकातून आत शिरावं लागतं. गुडघेदुखी असलेल्यांनी याचा आधीच विचार करावा.

कोरोनचं रूप आणखी वेगळं. २४ सप्टेंबर १९४४ रोजी अमेरिकी विमानांनी इथे लपलेल्या जपानी जहाजांवर हल्ला केला. बुडालेली ती जहाजं आज प्रवाळ आणि माशांचं घर झाली आहेत, आणि जगभरातून डायव्हर त्यांच्यासाठी येतात. डायव्हिंग येत नसलं तरी लुसाँग गनबोट पृष्ठभागाच्या इतकी जवळ आहे की मास्क लावून वरून तरंगत बघता येते. कोरोन बेटावरची कायांगन आणि बाराकुडा ही तळीही चुकवू नयेत. बाराकुडात वरचा थर गोड्या पाण्याचा, खाली खारं. थोडं खोल गेलं की पाणी अचानक गरम होतं, काही थरांत ३८ अंशांपर्यंत. हे बेट ताग्बानुआ या मूळनिवासी समाजाच्या हक्काची भूमी आहे. त्यांनी मोजकीच तळी पाहुण्यांसाठी उघडी ठेवली आहेत, बाकीची त्यांना पवित्र आहेत. प्रवेशशुल्कावरून घासाघीस करणारे लोक बघितले की वाईट वाटतं. ती जागा राखणाऱ्यांच्याच हातात तो पैसा जातो.

पुएर्तो प्रिन्सेसाहून दोन-अडीच तासांवर साबांग आहे, आणि तिथे ती प्रसिद्ध भूमिगत नदी. लांबी ८ किलोमीटरच्या थोडी वर, डोंगराच्या पोटातून वाहत थेट समुद्राला मिळणारी, १९९९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. वल्ह्याच्या होडीतून, हेल्मेट घालून आत नेतात, पण नेहमीच्या फेरीत नदीचा सुरुवातीचा भागच दिसतो. वटवाघळं आणि पाकोळ्या डोक्यावरून जात असतात. वर बघताना तोंड मिटलेलं ठेवा, हा तिथला सर्वांत कामाचा सल्ला. रोज ठरावीक लोकांनाच आत सोडतात, म्हणून परवाना आधी काढावा लागतो.

टुबाताहा या सुलू समुद्रातल्या प्रवाळबेटांचं नाव कानावर येईल. १९९३ पासून तोही जागतिक वारसा आहे, पण साधारण मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतच, तेही बोटीवर मुक्काम करून जाता येतं. तो पट्टीच्या डायव्हरांचा विषय.

बोहोलची जमीन

बोहोलचं वैभव किनाऱ्यापासून दूर, आतल्या भागात आहे. कार्मेन, बातुआन आणि साग्बायान या गावांच्या परिसरात हजाराहून जास्त टेकड्या पसरल्या आहेत. जवळजवळ सगळ्या शंकूच्या आकाराच्या, बहुतेक ३० ते ५० मीटर उंच. कधीकाळी समुद्रतळाशी असलेला प्रवाळाचा चुनखडक वर उचलला गेला, आणि पावसाने तो विरघळवत, झिजवत हा आकार दिला. टेकड्यांवर मोठी झाडं नाहीत, गवतच. कोरड्या दिवसांत ते वाळून तपकिरी होतं, म्हणून त्या चॉकलेट हिल्स. कार्मेनला दोनशेच्या वर पायऱ्या चढून गेलं की चहूबाजूंनी हेच दिसतं. सकाळी लवकर गेलात तर टेकड्यांच्या मधे धुकं साचलेलं असतं. दुपारी मात्र हेच दृश्य उन्हात फिकट होतं. मार्च २०२४ मध्ये या टेकड्यांच्या पायथ्याशी पोहण्याचा तलाव बांधलेल्या रिसॉर्टचे व्हिडिओ पसरले आणि देशभर संताप उसळला. मला तो संताप अगदी योग्य वाटला.

मग टार्सियर. तळहातावर मावेल एवढा हा प्राणी, आणि त्याचा एकेक डोळा त्याच्या मेंदूएवढा. डोळे खोबणीत फिरत नाहीत, म्हणून तो मानच मागे वळवतो. हा निशाचर आहे, दिवसा फांदीला चिकटून झोपतो. आवाजाने, स्पर्शाने, फ्लॅशने त्याला इतका ताण येतो की बंदिवासात तो फार जगत नाही. पूर्वी लोबोक नदीकाठी टार्सियर पिंजऱ्यात ठेवून पर्यटकांच्या हातात देत. ते आता बंद झालं आहे, आणि तरी कुठे दिसलंच तर पैसे देऊ नका. कोरेला गावातल्या अभयारण्यात जा. तिथे झाडीतल्या पायवाटेने कुजबुजत जायचं, आणि मार्गदर्शक पानांआड बसलेला एखादा दाखवतो. मुलांना आधी घरीच समजावून न्या.

समुद्राच्या बाबतीत बोहोल कमी पडत नाही, फक्त त्याचा पसारा लहान आहे. बालिकासाग बेटाजवळ समुद्री कासवं जवळजवळ हमखास दिसतात, प्रवाळाची भिंत किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर खोल उतरते. अर्ध्या दिवसात जाऊन येता येतं. पांगलाओचा आलोना किनारा मात्र मला आवडत नाही, गर्दी आणि बोटींच्या दोरखंडांनी तो भरलेला असतो. शांतता हवी असेल तर पूर्वेकडे आंदा.

अल्बुर्केर्के गावातलं पारंपरिक मीठ जमलं तर जरूर बघा. नारळाच्या सोडणांना महिनोन्महिने समुद्राच्या पाण्यात भिजवतात, मग वाळवून जाळतात. त्या राखेतून समुद्राचं पाणी गाळून जे खारं पाणी मिळतं, ते मातीच्या मडक्यांत आटवतात. शेवटी मडक्याचा खालचा भाग फुटून आत दगडासारखा घट्ट मिठाचा गोळा उरतो. तो भातावर किसून खातात. हे काम करणारी घरं आता मोजकीच उरली आहेत.

१५ ऑक्टोबर २०१३ च्या ७.२ तीव्रतेच्या भूकंपात बोहोलची अनेक जुनी दगडी चर्च कोसळली. त्यातली काही पुन्हा उभी केली आहेत. २०२३ मध्ये बोहोलला युनेस्कोने जागतिक भूउद्यानाचा दर्जा दिला, देशातलं हे पहिलंच.

कधी जायचं, काय खायचं

तिथला नैर्ऋत्य वारा, हाबागात, आपल्या पावसाळ्याबरोबरच जून ते ऑक्टोबर जोर धरतो. एल निडो पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे या काळात तटरक्षक दल बोटी थांबवतं आणि माणसं हॉटेलात अडकून पडतात. बोहोलला पाऊस पडला तरी जमिनीवरचं बरंच काही बघता येतं. मे महिन्याच्या सुटीत दोन्हीकडे ऊन कडक, पण समुद्र बहुधा शांत आणि टेकड्या तपकिरी. दिवाळीत टेकड्या हिरव्या, पण वादळांची शक्यता असते. पालावान वादळांच्या नेहमीच्या मार्गाच्या दक्षिणेला आहे असं सांगतात, ते साधारण खरंही आहे. तरी डिसेंबर २०२१ च्या ओडेट वादळाने बोहोल आणि उत्तर पालावान, दोघांनाही झोडपलं होतं.

मासे खाणाऱ्यांची दोन्हीकडे चंगळ. शाकाहारींनी जरा सावध राहावं, कारण साध्या भाजीतही कोलंबीची पेस्ट किंवा डुकराचं मांस असतं. बोटीवरच्या जेवणात भात, फळं आणि काकडी मिळेल, म्हणून बुकिंग करतानाच सांगा आणि खाकरे बरोबर ठेवा. पांगलाओला भारतीय जेवण शोधणं एल निडोच्या बोटीवरच्या दिवसापेक्षा सोपं जातं.

खर्चात बोहोल स्वस्त पडतं, मुख्यतः प्रवास कमी म्हणून. दक्षिण पालावानच्या जंगलात जायचा विचार असेल तर तिथे मलेरिया अजून आहे, डॉक्टरांना विचारून जा.

पालावान ठरवलंत तर कोरोन किंवा एल निडोहून निघून त्याच दिवशी मनिलाचं परदेशी विमान पकडायचा बेत करू नका. वाऱ्याने बोट किंवा लहान विमान रद्द झालं की पुढचं सगळं कोसळतं. आदली एक रात्र मनिलात ठेवा, आणि तिकिटावरची बॅगेची मर्यादाही तपासा, कारण लहान विमानांत ती बरीच कमी असते.