गहू वर्षाचा भरायचा की महिन्याच्या महिन्याला आणायचा? आमचं काय झालं ते सांगतो

मार्च-एप्रिल आला की नवीन गहू बाजारात येतो आणि दरवर्षी घराघरात हाच विषय निघतो. मी लग्नानंतर पाच वर्षं महिन्याच्या महिन्याला आणला, गेली तीन वर्षं भरून ठेवतोय. त्यामुळे दोन्हीकडचा मार खाल्लेला माणूस म्हणून लिहितोय. लोकवन चांगला की सिहोर, ते तुम्हाला माहितीच आहे, त्यात जात नाही.

आधी पैशाचं. आम्ही पाच माणसं, महिन्याला साधारण १५ किलो लागतो म्हणजे वर्षाला १८० किलो. मागच्या सीझनला मार्केट यार्डात भुसार बाजारातून लोकवन ३३ नी पडला, तोच आमच्या वाण्याकडे सुटा ३८. गिरणीचे ७ रुपये किलो दोन्हीकडे सारखेच, ते सोडून द्या. म्हणजे वर्षाला ९०० रुपये वाचले, त्यातलेही दीडशे टेम्पोवाल्याने नेले. खरं सांगायचं तर एवढ्यासाठी कोणी कोठ्या घेऊन बसू नये. तयार पीठ घेणाऱ्यांना मात्र फरक चांगलाच दिसेल, कारण ५ किलोची पिशवी २५० ला धरली तरी ३३ चा गहू अधिक ७ ची गिरणी याच्यापेक्षा किलोमागे १० रुपये जास्त जातात, आणि जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद पीठ-धान्यावर जीएसटी पण आहे. रेशनवर माणशी ५ किलो धान्य (गहू-तांदूळ मिळून) मोफत मिळत असेल तर सगळा हिशोबच वेगळा, तुम्ही फार तर एखादा कट्टा घ्या.

महिन्याला आणण्यात सुख आहे हे मान्य. जागा अडत नाही, किड्यांची कटकट नाही, एकदम सहा हजार काढायचे नाहीत, आणि भाव उतरला तर फायदा आपलाच. फक्त दर महिन्याला गहू वेगळा निघतो, एका महिन्यात पोळ्या मऊसूत तर पुढच्या महिन्यात डब्यातली पोळी दुपारपर्यंत वातड. पण तेही चालवून घेतलं असतं.

मला नको झाली ती महिनाअखेर. पगार एक तारखेचा, पीठ संपणार २५-२६ ला, आणि पाहुणे आले की त्याच्याही आधी. हातात चारशे रुपये, त्यात दूध, मुलीच्या रिक्षाचे राहिलेले पैसे, मग १५ किलो कुठून आणणार? मग पिठाचं एक किलोचं पाकीट, ६२ रुपयांचं. दोन दिवसांनी अजून एक. ज्याच्याकडे पैसे कमी त्यालाच किलोमागे सगळ्यात जास्त मोजावे लागतात, आणि वर वाण्याच्या वहीत नाव. एकदा २८ तारखेला रात्री आई म्हणाली, "भातच टाकते आज, मला पोळी नकोच होती." तिला भात चालत नाही, तिला शुगर आहे. त्या दिवशी ठरवलं, बाकी काही नसलं तरी घरात गहू पाहिजे.

सहा हजारांचं म्हणाल तर आमची बारा जणांची पाचशेची भिशी आहे, मी नंबर एप्रिलचा मागून घेतो. मे-जूनमध्ये वह्या-पुस्तकं, फी सुरू व्हायच्या आत गहू घरात पडतो.

आता भरण्यातला त्रासही सांगतो, नाहीतर म्हणाल एकच बाजू लावून धरली. गच्ची नसेल तर वाळवायचं कुठे हा खरा प्रश्न. दोन-तीन कडक उन्हं दाखवायची, दाताखाली दाणा कट्कन वाजला पाहिजे, मग सावलीत गार करून मगच कोठीत. दुसऱ्या वर्षी मी घाईत गरमच भरला आणि एका कोठीचं झाकण सैल होतं, श्रावणात सोंडे! बाहेर धो धो पाऊस, ऊन कुठलं, घरभर चादरी पसरून आम्ही तिघं चाळत बसलो, रविवार गेला. आता आई एरंडेल तेल चोळून, मधेमधे वाळलेला कडुनिंबाचा पाला घालते, गेल्या वर्षी काही झालं नाही. बोरिक पावडर लावतात काही जण, लहान मुलं आहेत म्हणून आम्ही लावत नाही. आणि ते गोदामात वापरतात त्या गॅसच्या गोळ्या घरात अजिबात नको, माणसं दगावतात त्याने.

वन आरके असेल आणि घर दर अकरा महिन्यांनी बदलायचं असेल तर मी भरा म्हणणार नाही, कोठ्या हलवण्यातच जीव जाईल. बाकीच्यांनी निदान ६० किलोपासून करून बघा, जून ते सप्टेंबर निघतात त्यात. घ्यायच्या आधी दोन किलो आणून दळून पोळ्या करून बघा, डब्यात नेऊन दुपारी खाऊन बघा, मगच पोत्याला हात लावा. आमच्या वहीत आता फक्त साखर-तेल लिहिलेलं असतं, तेही कधी कधी.