हवेचा पंप डिकीत ठेवून आठ महिने: वापरानंतरचा अनुभव

दिवाळीत बारा व्होल्टवर चालणारा हवेचा छोटा पंप घेतला. लायटरच्या सॉकेटमध्ये पिन खुपसायची, नळी फिरवून बसवायची, आकडा लावायचा; तेवढी हवा भरली की आपोआप बंद. गाडी मात्र चालू ठेवायची, नाहीतर बॅटरीवर ताण.

घेतला तो वैतागून. पेट्रोल पंपावरचा पोरगा, गाडी कुठलीही असो, ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) मारून मोकळा. आमच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या दाराशी असलेलं स्टिकर सांगतं ३०. त्यात साताऱ्यातल्या गोडोलीतून हायवेला जाईतो टायर तापलेले, म्हणजे आकडा तीन-चार पीएसआय फुगलेलाच. मी शहाणा 'जास्त झाली' म्हणून सोडायला लावायचो आणि सकाळी टायर बसलेले. आता दर रविवारी चहाच्या आधी, गाडी जागची हलवायच्या आत बघतो आणि आकडे कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवतो.

खरी गंमत त्या आकड्यांत आहे. डिसेंबरात चारही टायर एकदम दोन-दोननं उतरले. घाबरलो, पण ती नुसती थंडी. पारा दहा अंश उतरला की साधारण एवढी हवा कमी दिसतेच. फेब्रुवारीत मात्र मागचं डावं एकटंच दर आठवड्याला तीननं उतरायला लागलं. पंक्चरवाल्या काकांनी चाक टाकीत फिरवलं, काही नाही. मग त्यांनी बोटानं व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकी लावली. दोन सेकंदांनी मोहरीएवढा बुडबुडा आला. आतली पिन बदलली, विषय संपला. पेट्रोल पंपावर महिन्यातून एकदा हवा मारत राहिलो असतो तर हे कळलंच नसतं, आणि टायर दोन्ही कडांना झिजून गेला असता.

तक्रारीही आहेत. आवाज मिक्सरसारखा, शेजारच्या काकूंनी एकदा खिडकी धाडकन लावून घेतली. साध्या गेजशी ताडून पाहिलं तर हा दोन पीएसआय जास्त दाखवतो, म्हणून मी ३२ लावतो. नळी काढताना फुस्स होतं ते वेगळंच. दोन टायर भरले की पितळी तोंड चटका देतं, मग थोडं थांबावं लागतं.

मे महिन्यात पाहुण्यांना घेऊन कासला निघालो, पाच माणसं आणि सामान, म्हणून स्टिकरवर भरल्या गाडीसाठी दिलेल्या आकड्याएवढी हवा भरली. सहज स्टेपनीलाही नळी लावली. १४!