चोवीस वर्षांची फोर-बाय-फोर ठेवावी का: इंजिनाआधी चासी पाहावी

माझ्याकडची डिझेल फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ओढ देता येणारी गाडी, आता चोवीस वर्षांची झाली आहे आणि त्यांपैकी अकरा वर्षे ती मीच चालवतो आहे. गेल्या वर्षी एकाच महिन्यात तिच्या मागच्या एक्सलमधून तेल गळू लागले, सकाळी सुरू करताना पांढरा धूर येऊ लागला आणि खड्ड्यातून जाताना मागच्या डाव्या बाजूने कडकड ऐकू येऊ लागली, तेव्हा ती विकावी की दुरुस्त करून ठेवावी हा प्रश्न पुढे ढकलता येईना. निर्णय घेण्यापूर्वी तिची जी तपासणी केली आणि नंतर जी कामे करून घेतली, त्यांवर हे परीक्षण आधारलेले आहे. स्वतंत्र शिडीसारखी चासी (जिच्यावर बाकी सगळी गाडी बसवलेली असते तो खालचा लोखंडी सांगाडा), पुढेमागे सलग एक्सल, पाट्यांचे सस्पेन्शन आणि लिव्हरने टाकायचा लो गिअर अशा घडणीची कोणतीही जुनी गाडी ज्यांच्या दारात उभी आहे, त्यांना यातले बरेचसे लागू पडेल.

अशा वेळी बहुतेक जण आधी बॉनेट उघडतात. माझे स्पष्ट मत असे की, आधी गाडीखाली शिरावे. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (इंजिनाची ओढ पुढच्या आणि मागच्या एक्सलला वाटणारी पेटी) आणि एक्सल हे सगळे बोल्टांवर बसवलेले असते. ते उतरवता येते, उघडता येते आणि वेळ आलीच तर दुसरे घालता येते. चासी कुजली किंवा वाकली असेल, तर मात्र बाकी कितीही नवे घातले तरी ते कुजक्या पायावरच उभे राहते. वरच्या पत्र्यावरून खालची अवस्था कळत नाही, हे लक्षात ठेवण्यासाठी १९४८ साली बाजारात आलेल्या लँड रोव्हरचे उदाहरण पुरेसे आहे. युद्धानंतर पोलादाची टंचाई असल्याने तिच्या बॉडीला ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पत्रा वापरला गेला, पण चासी पोलादाचीच राहिली. त्यामुळे वरून धडधाकट दिसणाऱ्या गाडीची चासी आतून पोखरलेली असू शकते, आणि जिथे हे दोन धातू ओलाव्यात एकमेकांना टेकतात तिथे ॲल्युमिनियमचीही पांढरी भुकटी होत जाते.

माझ्या गाडीखाली मी एक लहान हातोडी, एक जाड पेचकस आणि बॅटरी घेऊन शिरलो. पेटीसारख्या बंद चासीत चिखल आत साचतो, पाणी निघून जाण्याची भोके बुजतात आणि गंज आतून बाहेर येतो, म्हणून नुसते पाहून भागत नाही, ठोकून ऐकावे लागते. धडधाकट लोखंड खणखणीत वाजते. कुजलेले लोखंड बद्द आवाज करते. पुढून मागे ठोकत गेलो तेव्हा मागच्या डाव्या पाट्याचे टोक चासीला जोडणाऱ्या हलत्या कडीपर्यंत, म्हणजे शॅकलपर्यंत, सगळीकडे खणखणीत आवाज होता, आणि तिथे तो एकदम बसला. काळ्या कोटिंगचा थर खरवडला, तर खाली पूर्वी कुणीतरी गंजावरच वेल्ड केलेला पत्र्याचा तुकडा निघाला, आणि त्याच्या कडेला पेचकस टेकवताच तो बोटभर आत गेला व गंजाचे पापुद्रे बाहीवर पडले. कडकडीचे मूळ तेच होते. त्यानंतर सपाट जमिनीवर ओळंबा सोडून चासीच्या चार ठरावीक बिंदूंच्या खुणा केल्या आणि दोन्ही कर्णांची लांबी मोजली. दोन्ही सारखे भरले, म्हणजे चासी वाकलेली नव्हती. माझा निर्णय निम्मा तिथेच झाला. हाच गंज दोन्ही बाजूंना असता, किंवा स्टिअरिंग बॉक्स जिथे बसतो त्या जागी चीर असती, तर मी गाडी सोडली असती.

दुरुस्ती करताना गंजलेला भाग निरोगी लोखंड लागेपर्यंत कापून काढायला लावला, मूळ जाडीचाच पत्रा घालून सलग वेल्डिंग करून घेतले आणि नंतर चासीच्या पोकळीत मेण फवारले. या कामात मिस्त्री घाईचा असेल, तर दुसरा शोधावा. गंजावर पत्रा चिकटवणे म्हणजे दोष झाकून पुढच्या माणसाच्या माथी मारणे आहे, आणि माझ्याच गाडीने ते मला दाखवले.

इंजिनाची भीती त्यामानाने फोल ठरली. चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत हवा दाबली जाण्याचा जोर, मोजले, तर त्यांच्यातला फरक १० टक्क्यांच्या आत होता. पांढरा धूर थंड इंजिन सुरू करतानाच येत होता आणि मिनिटभरात थांबत होता. तपासल्यावर थंड डिझेल इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणाऱ्या ग्लो प्लगांपैकी, चारातले दोन बंद निघाले. धूर इंजिन तापल्यावरही राहत असेल आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर मात्र हेड गॅस्केटकडे, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचे हेड यांच्यामधल्या पातळ थराकडे, पाहावे लागते.

एक्सलच्या गळतीतून मी सर्वांत जास्त शिकलो. ड्रेन प्लग उघडल्यावर डिफरन्शिअलमधून (दोन बाजूंना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरांच्या पेटीतून) दुधाळ करडे तेल आले, याचा अर्थ त्यात पाणी मिसळले होते. चालून तापलेला एक्सल थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते, आणि वरचा ब्रीदर, म्हणजे हवा आतबाहेर जाण्याचे भोक, चिखलाने बुजलेला असेल, तर ती ओढ ऑइल सीलच्या कडेने पाणी आत खेचते. उलट एक्सल तापताना वाढलेला दाब त्याच सीलमधून तेल बाहेर ढकलतो. सील आणि तेल बदललेच, पण खरा इलाज ब्रीदरला लांब नळी जोडून ती उंच नेण्याचा होता. ओढेनाले ओलांडणाऱ्या प्रत्येक जुन्या गाडीत ही नळी आधी पाहावी.

फोर-व्हील ड्राइव्हची परीक्षा कोरड्या डांबरी रस्त्यावर घेऊ नये. अशा गाड्यांत पुढच्या आणि मागच्या एक्सलमधले डिफरन्शिअल नसते. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, आणि तो फरक सुटायला जागा नसल्याने सगळा ताण गिअरांवर येतो. सैल मातीत लो गिअर टाकून पाहिला. इंजिनाची ओढ साधारण २ ते २.५ पटींनी वाढवणारा हा गिअर तीव्र उतारावर ब्रेकला पाय न लावता गाडी सावकाश उतरवतो, आणि ती चाल अनुभवल्यावर ही गाडी कशासाठी ठेवायची याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

तरीही घरातली एकुलती एक गाडी म्हणून मी हिची शिफारस करणार नाही. हिच्यात एअरबॅग नाहीत, एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही, गुरुत्वमध्य उंच आहे आणि मागचे ड्रम ब्रेक पाण्यातून निघाल्यावर काही वेळ नीट धरत नाहीत. म्हणून दुरुस्तीचा पहिला खर्च मी ब्रेकचे होज, स्टिअरिंगचे जॉइंट आणि टायर यांवर केला. टायरची नक्षी शाबूत होती, पण बाजूवरच्या चार आकड्यांवरून, ज्यांतले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात, ते ११ वर्षांपूर्वीचे निघाले. रंगाला मी अजून हात लावलेला नाही.

मोठे टायर आणि उंच सस्पेन्शन घालण्याचा आग्रह अनेकांनी केला. टायर मोठे झाले की स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो, गिअरांची ओढ कमी पडते आणि उंची वाढल्यावर एक्सलपर्यंत ओढ नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे कोन बदलून त्याच्या क्रॉसवर, म्हणजे टोकाच्या सांध्यावर, झीज येते. गाडी आधी मूळ अवस्थेत नीट चालावी, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते.

या कामांना सात महिने लागले. त्यांतला बराच वेळ एका दरवाज्याच्या रबरासाठी आणि काचेच्या यंत्रणेतल्या एका प्लॅस्टिकच्या तुकड्यासाठी गेला, तेव्हा गाडी ठेवण्याचे ठरवण्यापूर्वी इंजिनाच्या भागांसारखीच या किरकोळ वस्तूंचीही चौकशी करावी. कडकड थांबली आहे आणि एक्सल कोरडा आहे. ट्रान्सफर केसचा लिव्हर थंडीत अजून जड पडतो, त्याचे लिंकेज उघडून बुश बदलायचे काम तेवढे राहिले आहे.